प्लग होलमध्ये ऑइल : मिसिंग मारणाऱ्या गाडीत ते कुठून येतं आणि कसं शोधायचं

प्लग बदलायला म्हणून कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) वर ओढावी आणि तिचं रबरी बूट ऑइलने माखून बाहेर यावं, हे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांमध्ये फार नेहमीचं आहे. त्यावर होणारा इलाजही नेहमीचा : चारही प्लग नवे, एखादी कॉइल नवी, होल फडक्याने पुसलं, गाडी परत. थोडे दिवस गाडी छान चालते, मग पुन्हा तीच थरथर, म्हणजे मिसिंग : एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. आधीच्या गॅरेजमध्ये प्लग आणि कॉइलवर पैसे घालून आलेल्या अशा गाड्या मी वर्षानुवर्षं उघडतो आहे. त्यातल्या बहुतेकींत खरा दोषी निघतो तो टॅपेट कव्हरमधला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातला, एक रबरी सील, जो पॅकिंगच्या संचाबरोबर काही शे रुपयांत मिळतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की ऑइल कुठून आलं हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते आपोआप कळेल. जुन्या मारुती 800 किंवा ओम्नीत प्लग हेडच्या बाजूला उघडे दिसतात, तिथे गळती झाली तर ती बाहेरच दिसते. डबल कॅमच्या इंजिनात मात्र प्लग दोन कॅमशाफ्टच्या मधोमध, खोल नळीच्या (हेच प्लग होल) तळाशी बसतो. त्या नळीच्या भोवती, टॅपेट कव्हरच्या आत, सतत गरम ऑइल उडत असतं. ऑइल आणि प्लग यांच्यामध्ये आड उभी असते ती फक्त नळीच्या तोंडावरची रबरी रिंग. काही इंजिनांत ती सुटी निघते, काहींत कव्हरच्या पॅकिंगलाच जोडलेली असते, काहींत कव्हरमध्ये कायमची बसवलेली असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं, त्याचा ताण जातो आणि ऑइल थेंबाथेंबाने नळीत उतरायला लागतं.

लक्षणं काय दिसतात

सिग्नलला उभं असताना गाडी थरथरते. घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की झटके देते, कारण लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. हीच गोष्ट सीएनजीची. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे "पेट्रोलवर ठीक आहे, गॅसवर टाकली की मिसिंग मारते" अशी तक्रार आली की मी गॅस किटला हात लावण्याआधी कॉइल उपसून बघतो. किट ट्यून करण्यात लोकांचे दिवस जातात आणि दोष बुटात असतो.

याशिवाय बॉनेट उघडल्यावर जळक्या ऑइलचा वास, चेक इंजिनचा दिवा, ॲव्हरेज कमी होणं. ऑइलची पातळी हळूहळू उतरते, पण पार्किंगमध्ये खाली डाग नाही, हेही एक लक्षण. आणि पुष्कळदा लक्षण काहीच नसतं, प्लग बदलताना अचानक कळतं.

इथे एक शंका लोक विचारतात : ऑइलमधून तर वीज जात नाही, मग मिसिंग का? स्वच्छ ऑइल विजेला वाट देत नाही हे खरंच आहे. पण कॉइलचं बूट ऑइलमध्ये राहून फुगतं, मऊ पडतं, त्याची पकड सैल होते. ऑइलमध्ये धूळ आणि काजळी मिसळते. मग हजारो व्होल्टची ठिणगी प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी बुटातून फुटून नळीच्या धातूवर उडते. बुटावर बारीक करडी किंवा काळी रेघ दिसली तर ती याच गळतीची वाट, आणि एकदा ती पडली की बूट कितीही पुसलं तरी ठिणगी तिथूनच जाते.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश घरी या. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून निकामी होतो. त्याची किंमत या सगळ्या दुरुस्तीच्या कित्येक पट आहे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

इंजिन थंड असू द्या. वरचं प्लास्टिकचं झाकण काढा आणि टॉर्च घेऊन टॅपेट कव्हर नीट पाहा. ऑइल भरण्याच्या टोपणाभोवती ओघळ आहेत का? टोपणाच्या अगदी जवळच्याच होलमध्ये ऑइल आहे आणि बाकीची कोरडी? मग शेवटच्या सर्व्हिसिंगला ऑइल भरताना सांडलेलं कव्हरवरून वाहत होलमध्ये गेलं असण्याची शक्यता मोठी. कॉइलच्या वरच्या बाजूचं रबर तडकलेलं असलं की हे सहज होतं. पुसून घ्या, टोपणाची रिंग बदला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. एवढ्यावर मिटलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणूनच ही तपासणी पहिली.

डिपस्टिक पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर जादाचं काढून टाका. गरजेपेक्षा जास्त ऑइल क्रँकशाफ्टने घुसळलं जातं, आतला दाब वाढतो आणि ते जिथे कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर पडतं.

आता कॉइल. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, कनेक्टरचं कुलूप हळू दाबून सोडवा (जुनं प्लास्टिक चटकन तुटतं), बोल्ट काढा, कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढा. चारही कॉइल ओळीने मांडून ठेवा आणि कोणती कुठली ते लिहा. प्लगला अजून हात लावायचा नाही. आधी टॉर्चने होलमध्ये बघा आणि मोबाइलने फोटो काढा, कारण ऑइल किती उंचीपर्यंत आहे आणि नळीच्या कोणत्या बाजूने ओघळलं आहे हे पुसल्यावर पुन्हा दिसणार नाही.

पावसाळ्यात किंवा प्रेशर वॉशिंगनंतर होलमध्ये सापडतं ते पुष्कळदा ऑइल नसून पाणी असतं. लक्षणं तंतोतंत तीच, मिसिंगसुद्धा तीच. टिश्यू पेपरचा पीळ करून आत बुडवा. पाणी असेल तर कागद नुसता ओला होतो आणि वाळतो, ऑइलचा डाग पारदर्शक राहतो. प्लगवर गंज दिसला तर पाणी बरेच दिवस साचतंय. मग टॅपेट पॅकिंगचा विचार सोडा, कॉइलच्या वरची रबरं बदला आणि सर्व्हिस सेंटरला इंजिनवर पाण्याचा फवारा मारू नका असं स्पष्ट सांगा. पेट्रोलचा वास आला तर मात्र काम तिथेच थांबवायचं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

होल रिकामं करणं

हे काम नीट केलं नाही तर प्लग खोलताक्षणी वरचं सगळं ऑइल, वाळू आणि काजळीसकट सिलिंडरमध्ये उतरतं. थोडं ऑइल धूर होऊन जळून जाईल, पण वाळूचा कण पिस्टनवर पडू देऊ नये. मोठी सिरिंज घ्या, पुढे फिश टँकची बारीक नळी लावा आणि ऑइल ओढून घ्या. उरलेलं टिश्यूच्या पिळाने टिपा. मग ब्रेक क्लीनरचा एक फवारा, पुन्हा टिपणं, आणि शेवटी हवा, डोळ्यांवर गॉगल लावून. ब्रेक क्लीनर पेट घेतो, म्हणून इंजिन थंड, आसपास काही पेटतं नाही आणि जागा मोकळी हवेची. तो वास पूर्ण उडेपर्यंत कॉइल बसवायची नाही. बुटावर तो मारू नका, बूट कोरड्या फडक्याने पुसा.

प्लग काय सांगतो

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती देणारी तपासणी हीच, आणि घाईत सर्वांत जास्त चुकवली जाते तीही हीच. चारही प्लग खोला आणि सिलिंडरच्या क्रमाने मांडा.

वरचा भाग आणि आटे ऑइलने ओले, पण आतलं टोक बदामी किंवा करड्या रंगाचं कोरडं : ऑइल वरून आलंय. टॅपेट कव्हरचे सील गेलेत. ही चांगली बातमी आहे.

आतलं टोकच ओलं, काळं, चकचकीत : ऑइल सिलिंडरच्या आतून येतंय, म्हणजे व्हॉल्व्हचे ऑइल सील किंवा पिस्टन रिंगा. वरचं पॅकिंग बदलून यात काहीच फरक पडणार नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, चालत्या गाडीत लोडवर सतत निळा धूर असेल तर रिंगांवर. फक्त आधी नळीतलं ऑइल काढताना ते आत सांडलं नव्हतं ना याची खात्री करा, नाहीतर चांगल्या इंजिनाचं "इंजिन काम" निघाल्याचं सांगितलं जातं.

टोक काळं पण कोरडी मऊ काजळी : पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. ऑइलचा संबंध नाही.

आणि चौथी गोष्ट. पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या षट्कोनाच्या लगेच वर, तपकिरी पट्टा दिसतो. तो पाहून "प्लग लीक आहे, गॅस बाहेर येतोय" असं सांगून प्लग बदलायला लावतात. तो डाग कोरोना स्टेन. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात. त्याने प्लगच्या कामात काही बिघडत नाही आणि केवळ त्यासाठी प्लग फेकायची गरज नाही.

एकच होल भरलेलं आहे की चारही, तेही लिहून ठेवा. एकच असेल तर त्या जागचा सील किंवा त्या बाजूचा कव्हरचा बोल्ट सैल. चारही असतील तर रबराचं वय झालंय, नाहीतर आतला दाब वाढलाय.

कॉइल खरंच गेली आहे का

नवी कॉइल हजारोंत जाते, म्हणून आधी अदलाबदल. होल स्वच्छ आणि कोरडं करून संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. ओबीडी रीडर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं उपकरण) मोबाइलला जोडता येतो आणि स्वस्त मिळतो. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर, पी0302 दुसऱ्याचं, पी0304 चौथ्याचं, पी0300 म्हणजे विखुरलेलं. कोड पुसा, गाडी फिरवून आणा. मिसफायर कॉइलबरोबर शेजारच्या सिलिंडरवर गेलं तर कॉइल किंवा तिचं बूट दोषी. जागचं हललं नाही तर कॉइलचे पैसे वाचले, मग प्लग, इंजेक्टर, कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) या क्रमाने बघा. पुष्कळ कॉइलची बुटं आणि आतली स्प्रिंग वेगळी मिळतात. कॉइल शाबूत आणि बूट फुगलेलं असेल तर फक्त बूट बदला.

ब्रीदर आणि पीसीव्ही : हे तपासल्याशिवाय पॅकिंग बदलू नका

नवं पॅकिंग टाकूनही काही महिन्यांत परत गळायला लागलेली गाडी आली की मी पहिल्यांदा इथे बघतो. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, उतरतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइपातून परत इंटेकमध्ये ओढला जातो. ही वाट गाळाने बुजली की दाब आत साठतो आणि तो सगळ्यात कमजोर रबर शोधतो. सील तेव्हा नवा असला तरी फार काळ टिकत नाही. एका सीएनजी टॅक्सीत पॅकिंग पुन्हा पुन्हा बदललं जात होतं. आम्ही ब्रीदर पाइप काढला तर तो आतून काळ्या चिकट गाळाने जवळपास बंद झालेला. पाइप आणि व्हॉल्व्ह बदलले, त्यानंतर टाकलेलं पॅकिंग टिकलं.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं टोपण काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. हलका ओढला जायला हवा, किंवा जागच्या जागी थोडा फडफडेल. जोराने उडत असेल तर दाब आहे. काही इंजिनांत चेनमुळे तिथून ऑइलचे शिंतोडे येतात, चेहरा दूर ठेवा. सुटा पीसीव्ही व्हॉल्व्ह असेल तर काढून हलवा, आतला खुळखुळ आवाज यायला हवा. आवाज नसेल तर तो चिकटलाय. बऱ्याच नव्या गाड्यांत तो कव्हरमध्येच असतो, तिथे अख्खं कव्हर येतं. एअर फिल्टरची पेटीही उघडा. फिल्टरला ऑइल लागलेलं असेल, पीसीव्ही स्वच्छ असेल आणि तरीही कागद उडत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत आणि पुढचं काम कंप्रेशन टेस्टचं आहे.

टोपणाखाली पावसाळ्यात, विशेषतः रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, पांढरट साय दिसते. ती बहुधा दमटपणाची असते, एकदा लांबचा प्रवास झाला की जाते. त्याचबरोबर कूलंटही कमी होत असेल तर मात्र गाडी चालवू नका.

टॅपेट कव्हरचं काम

बोल्ट आवळून गळती थांबते का, हा पुढचा प्रश्न. एखादा हाताने फिरण्याइतका सैल असेल तर जरूर बसवा. पण हे बोल्ट फार कमी ताकदीने बसवायचे असतात, बहुतेक गाड्यांत साधारण 8 ते 11 न्यूटन-मीटर. दहा नंबरचा पाना हातात आला की गडी जोर लावतो, आणि मग पॅकिंग चेपून बाहेर येतं, प्लास्टिकचं कव्हर तडकतं किंवा ॲल्युमिनियममधले आटे निघतात. कडक झालेलं रबर आवळून पुन्हा मऊ होत नाही.

बाटलीतून ओतायची "लीक बंद" औषधं मी वापरत नाही आणि कुणाला सुचवत नाही. ती रबर फुगवून थोडे दिवस गळती लपवतात आणि चांगल्या सीललाही फुगवतात.

कव्हर स्वतः उघडायचं ठरवलंत तर बोल्टची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी बोल्ट खोचत जा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोड्याने बाजूने टकटक करा, स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे कायमची गळतीची वाट. पॅकिंगचा पूर्ण संच घ्या आणि नळीचे सील त्यात आहेत का ते दुकानातच उघडून पाहा. बाहेरचं पॅकिंग नवं आणि नळीचे सील जुनेच, हा प्रकार मला पुन्हा पुन्हा दिसतो, आणि मग ऑइल थांबत नाही म्हणून दोष गाडीला दिला जातो. जुना सील कोणत्या बाजूने आणि किती खोल बसला होता त्याचा फोटो घ्या, नवा तसाच समान दाबाने बसवा, त्याच्या ओठाला इंजिन ऑइलचं बोट लावा म्हणजे नळीवरून सरकताना तो दुमडणार नाही.

लिक्विड पॅकिंग फक्त तिथेच जिथे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय, बहुतेकदा टायमिंग कव्हर आणि हेड जुळतात त्या कोपऱ्यांवर किंवा अर्धगोल रबराच्या टोकांशी, तेही मुगाच्या दाण्याएवढं. पूर्ण कडेने लावलेलं लिक्विड पॅकिंग आत पिळून निघतं, त्याचे तुकडे खाली ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत जातात आणि ऑइलचा दाबच कमी होतो. लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्या. बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन टप्प्यांत.

प्लग बसवताना आधी हाताने फिरवा, पाना नंतर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये 14 मिमी आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 मिमीला 15 ते 20. टॉर्क रेंच नसेल तर डबीवर वॉशर टेकल्यानंतर किती वळण द्यायचं त्याचं चित्र असतं, ते पाळा. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका, कारण आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर पुरे.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

प्लग अर्धा फिरून अडकला किंवा करकर आवाज करत फिरतोय, तर जोर लावू नका. हेडचे आटे निघाले की खर्च कुठल्या कुठे जातो. होलमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी स्टार्टही करू नका. कव्हरवर उच्च दाबाचा इंधन पंप किंवा धातूच्या जाड इंधन नळ्या बसवलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या, आणि नारिंगी केबल असलेल्या हायब्रिड गाड्या, घरी उघडायच्या नाहीत. प्लगचं टोक ऑइलने ओलं असेल तर पुढे कंप्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधला दाब किती गळतो ते मोजणारी) टेस्ट लागते, ती मशिनवाल्या गॅरेजमध्येच करून घ्या आणि आकडे लिहून मागा. आकडे न दाखवता इंजिन खोलायला सांगणाऱ्याला गाडी देऊ नका. वॉरंटी चालू असेल तर वरच्या तपासणीचे फोटो घेऊन थेट सर्व्हिस सेंटर गाठा, कव्हरला पाना लावू नका.

आणि एक कठीण प्रकार : वरचे सील नवे, पीसीव्ही स्वच्छ, तरी ऑइल येतंच. काही इंजिनांत नळी हेडमध्ये वेगळी ठोकलेली किंवा आट्यांनी बसवलेली असते आणि तिच्या तळाच्या जोडातून ऑइल झिरपतं. काही जुन्या होंडा इंजिनांत तर खालचा सील रॉकर आर्मच्या सांगाड्याखाली असतो, तो काढायचा म्हणजे टायमिंग आणि व्हॉल्व्हच्या फटीशी खेळ. ओळखायचं असं : होल पूर्ण कोरडं करा, थोडे दिवस गाडी चालवा आणि नळीची भिंत पाहा. ओघळ वरून खाली आलेला दिसला तर वरचा सील नीट बसलेला नाही. भिंत कोरडी आणि फक्त तळाशी ऑइल, तर ते खालून येतंय, आणि ते काम त्या इंजिनाचा हात असलेल्या मेकॅनिकचंच.

दुरुस्ती झाल्यावर पहिला तास जळका वास येऊ शकतो, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडलेलं जुनं ऑइल जळतं त्याचा. साधारण 500 किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, एकच कॉइल उपसून पाहा, तीही ज्या होलमध्ये सर्वांत जास्त ऑइल होतं तिथली. बूट कोरडं निघालं तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत झाकण उघडायची गरज नाही.